सतरंजीवरची मंडळी

वार्षिक सभेच्या दिवशी आमच्या चर्चमध्ये जेवढी हजेरी असते तेवढी नाताळलाच काय ती. पास्टोरेट कमिटीच्या जागा मोजक्या, इच्छुक दुप्पट, आणि आदल्या आठवड्यात एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या घरांतही चहाचे कप फिरलेले असतात. सचिव कोण, खजिनदार कोण, कंपाउंडच्या भिंतीचं काम कोणाच्या देखरेखीखाली, यावर आवाज चढतात. एखादा जुना हिशेब उकरला जातो. पाळकसाहेब मध्येच "प्रार्थना करू या" म्हणतात, तेव्हा लोक डोळे मिटून मनातल्या मनात मतं मोजतात. मग विषयपत्रिकेच्या शेवटी, मंडळी चपला शोधायला लागलेली असताना, कुणाला तरी आठवतं, "अन् संडेस्कूल?"

"बाई आहेतच की."

सूचक, अनुमोदक, मंजूर. एवढं बिनविरोध पद साऱ्या पंचक्रोशीत दुसरं नसेल.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नगर जिल्ह्यातल्या आमच्या या गावात त्यांच्या हाताखालून न गेलेला ख्रिस्ती माणूस शोधावा लागेल. वार्षिक सभेत एकमेकांची गचांडी धरायला निघालेले दोघेही कधीकाळी त्यांच्याच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. मी काही संडेस्कूलचा शिक्षक नाही. मी पेटी वाजवतो. मुलांच्या गाण्यांना साथ करायची, गाणी संपली की भाता मिटायचा आणि कोपऱ्यात बसून पुढचं सगळं ऐकायचं, अशी फुकटची चैन मला दर रविवारी मिळते.

मोठी उपासना साडेनवाला. मुलांची त्याआधी, आठला, चर्चच्या पूर्वेकडच्या ओट्यावर. मिशनऱ्यांच्या काळातली घडीव दगडाची भिंत, वर पत्रा, आणि ऊन असं तिरकं येतं की अर्धी सतरंजी तापते, अर्धी गार राहते. थंडीत सगळी पोरं तापलेल्या अर्ध्यावर दाटीवाटीनं बसतात; होळी उलटली की तीच दाटी सरकत सरकत भिंतीला टेकते. कुणाच्या केसांना खोबरेल इतकं चोपडलेलं की कपाळावर ओघळ आलेला. कुणी शाळेचा गणवेशच घालून आलेलं, कारण घरात धड कपडा तोच. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. तो अजून हजेरीपटावर नाही, तरी बाई त्याचं नाव पुकारतात आणि तो पेंगत असला तर बहीण त्याच्या वतीनं "हजर" म्हणते. आलेल्यानं "सलाम, बाई" म्हणायचं, आपलं कार्ड शोधायचं आणि त्या रविवारच्या चौकोनात चांदणी स्वतःच्या हातानं चिकटवायची. वाकडी लागली तर वाकडी. बाई ती सरळ करायला जात नाहीत. माझा हात मात्र शिवशिवतो.

मग पाठांतर. संडेस्कूल जिथं जिथं आहे तिथं तिथं एक वचन सगळ्यांत लाडकं असणार: योहानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं. लाजराच्या कबरीपाशी येशूच्या डोळ्यांतून पाणी आलं, एवढंच सांगणारं, दोन शब्दांत संपणारं. तयारी न करता आलेल्या पोरांचा तो हक्काचा आधार. एका रविवारी एका पोरानं तेच वचन पुन्हा एकदा गाडी सुटल्यासारखं म्हणून टाकलं आणि खाली बसायला लागला. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हे नको, पुढच्या वेळी मोठं पाठ करून ये. बाई म्हणाल्या, "का रे रडला तो?"

"त्याचा मित्र मेलता."

एवढ्यावर भागलं असतं. पण मागून एका मुलीनं हात वर केला. "पण बाई, त्याला तर माहीत होतं ना, आता आपण ह्याला उठवणारे म्हणून? मग रडायचं कशाला?"

मोठ्या उपासनेत हा प्रश्न कुणी विचारला असता, तर त्याचं उत्तर तीन मुद्द्यांत आलं असतं, आणि तिसऱ्या मुद्द्यापर्यंत प्रश्न कुणाचा होता हेही विसरायला झालं असतं. मी कोपऱ्यात बसून मनाशी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. बाई म्हणाल्या, "हो की गं. मग कशाला रडला असंल?" आणि गप्प बसल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण वर पत्र्यावर चिमणीची नखं वाजलेली ऐकू येण्याइतका. मोठ्या माणसाला एवढी शांतता सोसत नाही. मुलांना सोसते, फक्त ती कुणी तोडू नये एवढंच त्यांना लागतं. शेवटी तोच वचनवाला पोरगा म्हणाला, "मरिया रडत होती ना, तिला बघून. आमची आई रडली की मला बी येतं. मला काय झालेलं नसतं तरी येतं."

बाईंनी "बरोबर" म्हटलं नाही, "शाब्बास" म्हटलं नाही. नुसती मान हलवली आणि पुढच्याला उठवलं. घरी जाऊन मी तो अध्याय काढला. दोनच वचनं अलीकडे, तेहतिसाव्यात, जवळपास हेच आहे: तिला आणि तिच्याबरोबरच्यांना रडताना पाहून तो व्याकूळ झाला. मी हा अध्याय किती अंत्यविधींत ऐकला आहे, पेटीवर त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाणं वाजवलं आहे.

मध्यंतरी पुण्यात एका हॉलमध्ये 'बालसेवेतील नेतृत्व' अशा नावाचं शिबिर झालं. बाईंचे गुडघे दुखत होते म्हणून मला धाडलं. प्रोजेक्टर होता, फाइल मिळाली, जेवणही चांगलं होतं. नेत्याची दृष्टी, नेत्याचं नियोजन, नेत्याची गुणवैशिष्ट्यं, सगळं बाणांच्या खुणा करकरून. त्यातलं बरंचसं खरं होतं आणि हजेरीचा तक्ता तर आम्ही उचललाही. पण दिवसभरात गप्प कसं बसावं यावर एकही पान नव्हतं.

आणि ज्याच्या नावानं हे सगळं चालतं त्यानं नेतृत्वाचा धडा दिला तो नेमका एका लेकराला धरून. मार्काच्या नवव्या अध्यायात शिष्य वाटेनं भांडत येतात. विषय हाच, आपल्यात मोठा कोण. वार्षिक सभाच म्हणा. कफर्णहूमला घरात आल्यावर येशू विचारतो, वाटेत कसली चर्चा चालली होती? कुणी तोंड उघडत नाही. मग तो खाली बसतो, बाराही जणांना बोलावतो, एका मुलाला आणून त्यांच्या मधोमध उभं करतो आणि त्याला कवेत घेतो. कुणाचं होतं ते मूल? मुलगा की मुलगी? त्या घरातलंच, की दारातून डोकावणारं? मार्क काही सांगत नाही. मला वाटतं, मोठी माणसं घरात शिरली की मुलांना बाहेर काढतात, तसं ते काढलं गेलेलं असावं आणि तरी दाराआडून बघत असावं.

गंमत पुढे आहे. एकच अध्याय ओलांडला की दहाव्यात लोक आपली लेकरं घेऊन येतात आणि हेच शिष्य त्यांना दटावून मागे लोटतात. गुरुजी थकलेत, कामात आहेत, पोरांचा गलका नको. कवेत घेतलेलं मूल डोळ्यांसमोरून हललंही नसेल, तोवर धडा विसरले. तेव्हा येशू रागावतो. ही हकिकत मत्तयानं सांगितली आहे, लूकनंही सांगितली आहे, पण तो रागावला हे लिहायचं धाडस एकट्या मार्कानं केलं. बाकी दोघांनी शिष्यांची अब्रू झाकली असावी, असा माझा आपला समज. राग कुणावर होता ते ध्यानात घ्यावं: चुकार, पापी, परके यांच्यावर नव्हता. व्यवस्था पाहणाऱ्यांवर होता.

आमच्याकडे ती व्यवस्था अजून शाबूत आहे. मोठ्या उपासनेत, उपदेश ऐन रंगात आलेला असताना, मागच्या बाकावर तान्हं रडायला लागतं. पुढच्या तीन बाकांवरची डोकी एकदम वळतात. बोलत कुणी नाही. ती आई पदर सावरत, लेकराला खांद्यावर थोपटत बाहेर जाते आणि लिंबाखाली उभी राहून खिडकीतून येईल तेवढा उपदेश ऐकते. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांनी एकदा अशी मान वळलेली पाहिली, बोलणं थांबवलं आणि म्हणाले, "बाई, आत या. माझा आवाज तुमच्या बाळापेक्षा मोठा आहे, माईक आहे माझ्याकडे." लोक हसले. त्यांच्या बदलीनंतर डोकी पुन्हा वळू लागली. तरी तेवढी वर्षं आयांना लिंबाखाली जावं लागलं नाही, आणि कंपाउंडची भिंत त्यांच्या कारकिर्दीत पुरी झाली की नाही हे मला आता आठवतही नाही.

मुलांपाशी जायला मोठ्या पदावरून खाली उतरावं लागतं, याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना दाखला गोव्याचा. 6 मे 1542 रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला तो पोपचा प्रतिनिधी म्हणून, तशी पत्रं खिशात घेऊन. त्या माणसानं हातात घंटा घेतली आणि गल्लीबोळांतून ती वाजवत पोरांना आणि गुलामांना हाका मारत फिरू लागला. मागे पोरांची रांग. त्यांना चॅपलमध्ये न्यायचं, श्रद्धेची वाक्यं चालीवर घोकून घ्यायची. पोरं ती घरी गात, आया ऐकत, शेजारी ऐकत. पुढे तमिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवांच्या वस्त्यांत, त्याला भाषाही येत नव्हती. माहीतगारांकडून प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन त्यानं त्या पाठ केल्या. आजाऱ्यांकडे जायला एकटा पुरेना, तेव्हा मुलांच्या हाती जपमाळ देऊन त्यांनाच पाठवू लागला. भाषा न येणारा धर्मगुरू आणि ती येणारी पोरं. कोण कुणाला नेत होतं हे मोठं गमतीचं आहे.

पण झेवियरचं तेवढंच सांगून थांबलं तर ते प्रामाणिक होणार नाही. 1544 सालच्या जानेवारीत कोचीनहून धाडलेल्या पत्रात तो मोठ्या समाधानानं लिहितो की ही मुलं आपल्या आईबापांना मूर्तिपूजेवरून दरडावतात, कोण गुपचूप पूजा करतो ते येऊन सांगतात आणि मूर्ती फोडायला पुढे होतात. ते वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो. ज्या हातात जपमाळ देऊन आजाऱ्याकडे पाठवलं, त्याच हातात धोंडा. मूल ज्याच्यावर जीव लावतं त्याच्यासाठी काहीही करायला तयार होतं. आपल्या बापाची झडती घ्यायलासुद्धा. मुलांच्या पुढाऱ्याच्या हाती ही केवढी सत्ता असते, ते त्या एका पत्रात जेवढं दिसतं तेवढं कुठल्या शिबिरात दिसणार नाही.

म्हणूनच बाईंचा एक कडक नियम मला कळतो. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा भरते. व्हीबीएस म्हणतात तिला सगळे. कृतिगीतं, कागदकाम, गोष्ट, सरबत. तेव्हा वाडीवरची, मळ्यातली, चर्चशी काही संबंध नसलेली पोरंही गाण्याच्या आवाजानं येतात आणि कुंपणाला लटकून बघतात. बाई त्यांना आत घेतात, पण आधी त्यांच्या घरी जाऊन येतात. आईबापांना सांगतात, इथं येशूच्या गोष्टी असतात, त्याचीच गाणी असतात, तुम्ही हो म्हणाल तरच पाठवा. काही हो म्हणतात, काही नाही. नाही म्हणणाऱ्यांच्या पोरांनाही बाई कुंपणापाशी सरबत देतात आणि घरी जाऊन विचारून ये म्हणत नाहीत. आमच्यातल्या काही उत्साही मंडळींना हे पटत नाही. संधी दवडली म्हणतात. त्यांनी ते झेवियरचं पत्र वाचावं. बाईंनी ते वाचलेलं नाही, त्यांना गरज पडली नाही.

रविवारच्या शाळेचा पसारा मुळात सुरू झाला तोही घरी जागा नसलेल्या, कामाला जुंपलेल्या पोरांसाठी. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाचा वर्तमानपत्राचा संपादक होता. टाचण्यांच्या कारखान्यांत आठवडाभर राबणारी पोरं रविवारी रस्त्यावर हुंदडत. 1780 साली त्यानं त्यांच्यासाठी वर्ग काढले, बायकांना पगारावर शिकवायला ठेवलं आणि बायबल वाचता यावं म्हणून आधी अक्षर शिकवलं. रविवार निवडला, कारण त्या पोरांच्या मालकीचा तेवढाच दिवस होता. आमच्याकडची गोष्टही अक्षरापासूनच सुरू होते. सिंथिया फरार ही अमेरिकन मराठी मिशनची अविवाहित बाई 1827 च्या अखेरीस मुंबईत उतरली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत 1862 साली नगरलाच वारली. जोतीराव फुले तिची शाळा पाहून गेले आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एक मात्र कुणी सांगत नाही: तिला चर्चमध्ये उपदेशाला उभं राहता येत नव्हतं. ती बाई होती. पुरुषांकडे उपदेशपीठ होतं, तिच्याकडे पोरी. नारायण वामन टिळकांसारखा कवी मिशनच्या 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकासाठी लेखणी झिजवत होता, हे त्यांच्या चरित्रात बहुतेक एका ओळीत उरकतात. त्या ओळीपाशी मी नेहमी रेंगाळतो.

आणि केडगाव. दौंडकडे जाताना गाडी तिथं थांबली की मी खिडकीतून पाहतो, दिसत काही नाही. 1896 – 97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी, आजारी, टाकून दिलेल्या पोरी इथं घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. शेकडो पोरी. एवढ्यांची आई एकटीनं व्हायचं म्हटलं तर ते ढोंग ठरेल. त्यांनी थोरल्या मुलींवर धाकट्या सोपवल्या, कालची भेदरलेली पोर आज दुसरीची वेणी घालू लागली. संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकापोरींना कळावं म्हणून साध्या मराठीत. आणि ते छापलं त्यांच्या इथल्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातांनी. ग्रंथ निघाला 1924 साली. रमाबाई 1922 लाच गेल्या होत्या. त्यांच्यामागे खिळे जुळवणाऱ्या हातांत कितीतरी हात दुष्काळातल्या पोरींचे असतील.

डिसेंबर लागला की ओट्यावरचं वातावरण तापतं, कारण नाटिका. मेंढपाळ व्हायला आमच्याकडे तोटा नाही. घोंगड्या शेजारच्या धनगरवाड्यातून खऱ्याच येतात, त्यांना मेंढरांचा खराच वास असतो, आणि मेंढपाळ झालेली पोरं तो वास एकमेकांच्या नाकाला लावत हिंडतात. देवदूत व्हायला सगळ्याच पोरी तयार, जरीची पट्टी मिळते म्हणून. भांडण मरियेवरून. वर्षानुवर्षं मरिया म्हणजे गोरी मुलगी हे ठरलेलं होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, भिंतीवरच्या चित्रानं ठरवलं होतं. त्या परदेशी छपाईच्या चित्रात येशू सोनेरी केसांचा, मुलं गुलाबी गालांची, आणि मांडीवर बसलेल्या एकाही पोराच्या पायाला धूळ नाही. एका वर्षी बाईंनी मरियेचं काम अशा मुलीला दिलं, जिला तिच्या घरातसुद्धा 'काळी' म्हणूनच हाक मारत. तिच्या आजीनंच विरोध केला, "लोक हसतील, बाई." बाई म्हणाल्या, "मावशी, बेथलेहेमला ऊन काय कमी असतंय का?" त्या नाताळात ती मुलगी स्टेजवर गव्हाणीपाशी बसली होती ती बाहुलीला खरंच कुणी उचलून नेईल की काय अशी घट्ट धरून. तिनं संवाद म्हणताना एकदाही वर पाहिलं नाही, आवाज मागपर्यंत गेला नाही, आणि नाटिका म्हणून ती आमची सगळ्यांत पडेल नाटिका असावी.

त्याच सुमारास बाईंनी बिनशब्दांचं पुस्तकही बदललं. हे नुसत्या रंगीत पानांचं पुस्तक संडेस्कूलवाल्यांना जगभर ठाऊक आहे. 1866 साली लंडनमध्ये स्पर्जन या उपदेशकानं काळं, लाल, पांढरं अशा तीन पानांवरून मुलांना तारणाची गोष्ट सांगितली आणि पुढे त्यात सोनेरी जोडलं गेलं. काळं पान म्हणजे पाप. लंडनमध्ये चाललं असेल. आमच्या ओट्यावर काळं पान उघडलं की पोरं शेजारच्याच्या हाताकडे बघतात. बाईंनी त्या पानावर मातकट, मळका, चिखल वाळल्यासारखा कागद चिकटवला आणि सांगितलं, हे धुता येतं. देवशास्त्राच्या दृष्टीनं यात काही उणं राहिलं का, ते पाळकसाहेबांना विचारावं लागेल. त्यांनी अजून हरकत घेतलेली नाही.

एक गोष्ट मात्र बाईंनी भांडून मिळवली, आणि तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. ओट्याशेजारी एक खोली आहे, पावसाळ्यात वर्ग तिथं भरतो. तिच्या दाराला वरच्या अर्ध्यात काच बसवायची आणि मुलांबरोबर कधीच कुणी एकटं मोठं माणूस राहायचं नाही, किमान दोघं, मग तो पाळक असो की पाहुणा उपदेशक की मी. कमिटीत कुजबुज झाली. आपल्याच माणसांवर अविश्वास? चर्चची बदनामी? एकानं तर सुचवलं की असल्या गोष्टी लेखी नकोत, तोंडी समज पुरे. बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. 2012 चा पॉक्सो कायदा, कलम 19: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. घरातल्या घरात मिटवणं कायद्यात बसत नाही. "तुमच्या बदनामीचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या, "माझ्या पोरांचं सांगते." काच बसली. खोलीच्या भिंतीवर, त्या गोऱ्या येशूच्या चित्राखाली, मुलांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत 1098 हा आकडाही लिहिला गेला. मुलांच्या हेल्पलाइनचा. पोरं तो अंक आकडे शिकताना वाचतात. कुणाला कधी लागू नये, आणि लागला तर पाठ असावा.

देशोदेशीच्या चर्चनं या बाबतीत किती उशीर केला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या उशिरामागेही शिष्यांचीच ती सवय होती: व्यवस्था आधी, लेकरू नंतर.

बाईंचे गुडघे आता सतरंजीवर बसू देत नाहीत. खुर्ची आणून दिली तर चिडतात, म्हणतात, खुर्चीवरून पोरांचे डोळे दिसत नाहीत, भांग दिसतात. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी एका तरुणाला हाताशी धरलं आहे. मुलं त्याला दादा म्हणतात. कॉलेजात शिकतो, गिटार वाजवतो (पेटीवाल्याच्या पोटात थोडं दुखणारच), मोबाइलवर चित्रं दाखवतो, पोरांचा लाडका आहे. खोट एकच, बोलतो फार. प्रश्न विचारतो आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देतो. बाई तेव्हा त्याच्यामागे भिंतीला टेकून उभ्या असतात आणि काही म्हणत नाहीत. फक्त नंतर, सतरंजीची घडी घालताना, "तू आज बरंच शिकलास, पोरं काय शिकली?" असं विचारतात. चिडतो बिचारा. पुढच्या रविवारी पुन्हा येतो.

परवा त्यानं पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट घेतली. चारही शुभवर्तमानांत ती आहे, पण ज्याच्याजवळ त्या भाकरी होत्या तो मुलगा एकट्या योहानाच्या गोष्टीत भेटतो, आणि भाकरी जवाच्या होत्या हेही तोच सांगतो. गरिबाघरची शिदोरी; आमच्याकडे बाजरीची असती. दादानं गोष्ट छान रंगवली. गवतावर बसलेली माणसं, आंद्रियाचा चेहरा, सगळं. शेवटी म्हणाला, "आणि सगळे पोटभर जेवून बारा टोपल्या उरल्या! मग यातून आपण काय शि..." आणि थांबला. भिंतीला टेकलेल्या बाईंकडे त्यानं पाहिलंही नाही, पण थांबला. ओठ घट्ट मिटून बसला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कडेवरच्या भावाला खाली ठेवत ती मुलगी म्हणाली, "दादा, त्या पोराला त्याची भाकर माघारी दिली का?"

दादानं बाईंकडे पाहिलं. बाई ओट्याबाहेर लिंबाकडे बघत होत्या.

"दिली असंल. बारा टोपल्या होत्या."

"बारा शिष्य होते. बाराच्या बारा त्यांनीच नेल्या असतील."

"येशू हाय ना तिथं. तो नेऊ देईल व्हय?"

"एक तरी त्याला दिली असंल. जड झाली असंल पण."

"घरी नेली असंल त्यानं ओढत."

"आन मग त्याची आई म्हणली असंल," वचनवाला पोरगा म्हणाला, "एवढं कुठून आणलं ते ऱ्हाऊ दे, आधी डबा कुठाय?"